परक्या दातांचं हसू

मी हळू बोलते. त्यामुळे लोकांचा असा समज होतो की मला राग येत नाही. येतो, भरपूर येतो. फक्त तो आवाजात न येता हातापायांत येतो. त्या संध्याकाळी तो गुडघ्यांत उतरला होता. खुर्चीवरून उठले खरी, पण पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागलं.

आमच्या ह्यांनी दारू सोडली त्याला अजून फार दिवस झाले नव्हते. रोज संध्याकाळी ते सभेला जायचे. शाळेचा एक वर्ग, मुलांची बाकं भिंतीला सरकवलेली, मधे गोल मांडलेल्या खुर्च्या आणि टेबलावर चहाचा भलामोठा थर्मास. सोडलेले आणि सोडू पाहणारे तिथे बसतात आणि आपापलं खरं सांगतात. घरच्यांनाही यायला मोकळीक असते. मी कधी गेले नव्हते, कारण तीच माझ्या प्रार्थनेची वेळ. माझे नेम दोनच आहेत, पण ते मी मोडत नाही. सकाळी देवापुढे दिवा लावला की तो आपणहून विझेपर्यंत मौन, आणि दिवेलागणीला प्रार्थना.

त्या दिवशी सभा चालवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. ते बसवर कंडक्टर आहेत, म्हणून सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात.

"वहिनी, देव काही घड्याळ लावून बसलेला नाही. अर्धा तास आधी हाक मारलीत तरी ओ देईल. तुम्ही याच. तुमचे हे काय रंगतात हो बोलायला! पोट धरून हसतो आम्ही."

पोट धरून? आमचे हे? घरी तर मान वर करून मीठसुद्धा मागत नाहीत. ते व्यसनमुक्ती केंद्रातून परत आल्यापासून बघत होते मी, जेवताना डोळे ताटात. विशेषतः माझे वडील समोर असले की. मला वाटायचं, आदर आहे. नानांनीच तर त्यांना ठेवून घेतलं होतं. माझे दोन्ही भाऊ म्हणत होते, काढा ह्या माणसाला घराबाहेर. घर नानांचं, शब्दही नानांचाच. ते म्हणाले, "आजारी माणसाला मी दार दाखवत नाही." विषय तिथे संपला. अशा माणसापुढे मान खाली जाणारच, असं मी स्वतःला समजावलं होतं.

तर प्रार्थना लवकर उरकून, ह्यांना न सांगता मी गेले. पोचायला उशीर झाला. दाराजवळच्या खुर्चीत बसले, समोर एक आडव्या अंगाचा रंगारी होता, त्यामुळे मी कुणाला दिसत नव्हते. बोलत होते ते आमचेच हे. आणि काय आवाज! मोकळा, खणखणीत, लग्नाआधी होता तसा. क्षणभर इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्या भरलेल्या डोळ्यांचासुद्धा मला नंतर राग आला.

हे कवळ्या बनवतात. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हे त्यावरून प्लॅस्टरचा साचा करतात, साच्यावर गुलाबी मेण, मेणात दात, मग भट्टी, मग घासणं. हात फार चांगला आहे. म्हणजे होता, आणि आता पुन्हा आहे. मधली वर्षं वेगळी.

"त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन वरच्या कवळ्या होत्या," हे सांगत होते. "एक पैलवानाची. जबडा असा की दारातून आधी तो यायचा, मागून पैलवान. दुसरी एका सज्जन म्हाताऱ्याची. तोंड एवढंसं, चिमणीचं. आणि माझ्या पोटात अर्धी बाटली. दोन्ही घासल्या, चकाचक केल्या, मोठ्या दिमाखात डब्यांत भरल्या. ह्याची त्याच्यात आणि त्याची ह्याच्यात!"

खोलीत हशा उठला. मीही हसले असेन थोडी.

"दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. अरे, म्हणाले, पैलवानाला दुधाचे दात पाठवलेस का?"

रंगारी मांडीवर थापा मारायला लागला.

"म्हातारा मात्र बोलायला तयार नाही. मुकाट्याने लावली, चिकटवायची पावडर घातली, म्हणाला, छान झाली. आता एवढ्याशा चेहऱ्यात पैलवानाचे दात. ओठ मिटणार कसे? कायम हसतमुख! मयताला गेला तरी आनंदात! कधीतरी भीत भीत मला म्हणाला, जरा मोठी वाटते हो. मी काय म्हणालो असेन? वयानं हिरड्या आक्रसतात म्हणालो. सवय होईल म्हणालो. आणि त्याची खरी कवळी डॉक्टरांकडून परत आली ना, ती मी नाल्यात टाकली आणि पोलीस मागे लागल्यासारखा पळत सुटलो. लोक मुडदा लपवतात, मी दात लपवले!"

छत उडेल असे हसले सगळे. एक बाई तर पदराने डोळे पुसत होती.

आणि माझ्या गुडघ्यांत राग उतरला तो तेव्हा.

नाना छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की ते जायचे आणि आठ-दहा दिवस रोज तासभर प्रार्थना वाचून दाखवायचे. कुणी बोलवायची वाट बघायचे नाहीत, कुणाकडून चहाही घ्यायचे नाहीत. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ यायचा. रडणारी माणसं हळूहळू गप्प व्हायची. नानांचे मुळातले दात गेले तेव्हा ह्यांनीच मोठ्या प्रेमाने माप घेतलं, म्हणाले, डॉक्टर कशाला, मी आहे की घरात.

ती कवळी आली आणि नानांचा चेहरा बदलला. आम्ही म्हणालो, सवय होईल. आमच्या गल्लीतले शिंपीकाका वारले तेव्हा नाना नेहमीसारखे त्यांच्या घरी गेले. पहिल्याच दिवशी शिंपीकाकूंचा भाऊ भर बैठकीत उठून म्हणाला, "आजोबा, तुम्हाला हसू कसलं येतंय? आमचं माणूस गेलंय." नाना परत आले. कवळी काढून वाटीत ठेवली आणि मला विचारलं, "पोरी, माझ्या तोंडावर हसू का येतं गं? मला तर हसू येत नाही." त्यानंतर ते कुणाच्याच दारी गेले नाहीत. घरातसुद्धा तोंडापुढे रुमाल धरून बोलायचे. वाचायचे ते मनातल्या मनात.

आणि इथे त्याच गोष्टीवर लोक मांडीवर थापा मारत होते.

मी उभी राहिले. "ते म्हातारे..." म्हणाले.

"ताई, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने!" कुणीतरी ओरडलं.

"तिला मोठ्याने बोलता येत नाही," असं अगदी बारीक आवाजात आमचे हे म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांचा रंग पार उतरला होता.

रंगारी बाजूला सरकला. खोली शांत झाली, म्हणून मला हळूच बोलता आलं. "ते म्हातारे माझे वडील आहेत. अजून तीच कवळी लावतात. त्यांना अजून माहीत नाही. मलाही आत्ताच कळलं. तुमच्याबरोबर."

मघाशी डोळे पुसणारी बाई नर्स आहे हे मला मागाहून कळलं. ती उठून जवळ आली, माझ्या हाताला हात लावला. "ताई, हसलो नाही ना, तर आम्हाला स्वतःचं ऐकवतच नाही. कुणाची चेष्टा म्हणून नाही हसलो."

"तुमचं तुम्ही हसा हो," मी म्हणाले. "हे तुमचं नाही."

कंडक्टर थर्मासजवळ उभे होते. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "काय हो? आम्हाला सांगितलंत की ही जुनी गोष्ट आहे म्हणून."

"जुनीच आहे," हे म्हणाले.

"म्हातारा रोज सकाळी ती तोंडात घालतो, आणि जुनी?"

मी बाहेर पडले.

हे मागून धावत आले. रस्त्यावर दुकानं बंद होत होती, शटर खाली ओढल्याचे आवाज येत होते. कोपऱ्यावर ह्यांनी सुरुवात केली.

"अगं, मी नाव घेतलं नव्हतं त्यांचं."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे... बदनामी नाही केली."

"बदनामी तुम्ही आधीच केली आहे, त्यांच्याच तोंडात बसवून. आता नाव घेतलं काय नि नाही काय."

"मी खरं बोलायला शिकतोय गं. तिथे तेच शिकवतात."

"तिथे शिकता आणि तिथेच ठेवून येता? घरी आणायला जड होतं का? परक्या माणसांना खरं, आणि ज्याच्या घरात राहता, ज्याचं मीठ खाता, त्याला हिरड्या आक्रसतात! आणि वर त्याच्या दाताचा विनोद. विनोद चांगला होता, अहो. मीही हसले आधी. पण त्या विनोदाचा अर्धा भाग नाना एकटे सोसतायत आणि हशा सगळा तुम्ही घेताय."

हे मध्येच थांबले. "हे बघ. मी नवी करतो. उद्याच माप घेतो. म्हणतो, नाना, जुनी झिजली. चार-आठ दिवसांत त्यांचे दात त्यांच्या तोंडात. कशाला उगाच त्या माणसाला दुखवायचं?"

खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. नानांना बरं वाटेल, भांडण नको, रडारड नको. पण मग मला नानांचा तो प्रश्न आठवला, माझ्या तोंडावर हसू का येतं गं. त्याचं उत्तर कुणी द्यायचं? नवे दात मिळाले तरी तो प्रश्न ते बरोबर घेऊनच जातील.

"नाही," मी म्हणाले. "आधी सांगायचं. मग माप."

"तू सांग ना मग. तुझं ऐकतात ते. तू हळू सांगतेस, माणसाला लागत नाही."

"मी नाही सांगणार."

"अगं, मला नाही जमणार. त्यांच्यासमोर उभं राहायचं म्हटलं तरी हात थरथरतात. आणि तुला माहीत आहे, केंद्रात सांगितलंय, फार ताण आला की पुन्हा..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण कशाला केलं असतं? अर्धंच पुरेसं होतं. त्या अर्ध्या वाक्याखाली मी किती वर्षं काढली होती. जोरात बोलू नका, पितील. पैसे मागू नका, पितील. बघू नका, पितील. मी तिथेच बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"अहो, ती बाटली तुमची आहे," मी म्हणाले. "माझ्या डोक्यावर ठेवू नका. प्यायची असेल तर मला कारण बनवून पिऊ नका, आणि नानांना तर मुळीच नाही. सांगितल्यामुळे तुम्ही पिणार असाल तर न सांगता तर केव्हाच प्याल."

हे माझ्या शेजारी पायरीवर बसले, आणि त्या माणसाला तशातही सुचलं बघा, "एवढं सगळं तू एका सुरात कशी गं बोलतेस? डॉक्टर सुई टोचतात तसं."

मी हसले नाही. त्यांना सांगितलं, "सकाळी. नाष्ट्याला."

मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आहे. सकाळी नाना टेबलाशी येतील, हे घसा खाकरतील, मग माझ्याकडे बघतील. त्यांची मान खाली गेली की मी बोलायला लागणार, हे आमचं कायमचं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, वीजवाल्याला, सगळ्यांना त्यांच्यातर्फे मीच बोलले आहे. म्हणून सकाळी मी आंघोळ करून देवापुढे बसले आणि दिव्यात तेल काठोकाठ घातलं. रोज घालते त्याच्या तिप्पट तरी असेल. देवाला म्हणाले, आज थोडं जास्त जळू दे. वात लावली, आणि मौन सुरू झालं.

नाना आले. चहात पाव बुडवून खातात ते, चावता येत नाही म्हणून. मी कप पुढे ठेवला. हे समोर बसले. घसा खाकरला. माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याकडे बोट केलं. ह्यांनी दिव्याकडे पाहिलं, काठापर्यंत आलेलं तेल पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं ते असं, की मी त्यांना खोल पाण्यात ढकललंय आणि वर काठावर बसून स्वेटर विणतेय.

"नाना," हे म्हणाले.

"बोला, जावईबापू." रुमाल तोंडापुढे होताच.

"एक गंमत सांगायची होती."

माझ्या हातात चमचा होता. तो मी टेबलावर ठेवला, जरा जोरात. बोलणं नव्हतं ते.

"गंमत नाही," ह्यांनी लगेच दुरुस्त केलं. "म्हणजे, मी ती गंमत करून सांगत आलो. ती गंमत नाही. तुमची वरची कवळी... तुमची नाही. एका पैलवानाची आहे. मी प्यायलेला होतो. डब्यांची अदलाबदल झाली. नंतर मला कळलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. हिरड्या आक्रसतात वगैरे सगळं खोटं. तुमची खरी होती ती मी नाल्यात टाकली."

एवढं एका दमात बोलून हे थांबले आणि नानांच्या चेहऱ्याकडे पाहायला लागले. कित्येक दिवसांनी मान वर. आणि मग त्यांची जी तारांबळ उडाली ती मी कधी विसरणार नाही. कारण नाना हसत होते. रुमाल खाली आला होता, आणि ते सगळे मोठाले पांढरे दात ओठांबाहेर. पण ते कायमच हसायचे. ते रागावलेत, की रडतायत, की खरंच हसतायत, हे ह्यांना कळेना. आपल्याच हाताने बसवलेलं ते हसू. हे एकदा हसायचा प्रयत्न करायचे, मग गंभीर व्हायचे, मग पुन्हा ओठ हलायचे. माझ्याकडे बघायचे. मी दिव्याकडे बघत होते.

"नाना, तुम्ही... रागावलात का?"

नानांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि ह्यांच्या बशीत ठेवली. टक्कन आवाज झाला. हसू बशीत राहिलं, आणि मागे उरला तो नानांचा संतापलेला चेहरा. मी लहानपणी फक्त एकदा पाहिला होता तो, धाकट्या भावाने शेजारच्या आंधळ्या आजींची काठी लपवली होती तेव्हा.

"तू," नाना म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी ह्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. प्यायलेले असतानाही, ओकून पडलेले असतानाही, 'उठा जावईबापू' म्हणायचे.

"तू मला हे आत्ता सांगतोस?" वरचे दात नव्हते, त्यामुळे शब्द ओठांतून निसटत होते, थुंकी उडत होती, पण एकेक शब्द कळत होता. "मी रोज देवाची क्षमा मागतोय. रोज! मला वाटलं, माझ्याच मनात काहीतरी घाण आहे. दुसऱ्याचं दुःख बघून मला आतून आनंद होतो की काय! म्हणून ते तोंडावर येतं. मी स्वतःला तपासतोय, अरे, खूळ लागल्यासारखा तपासतोय! वाचायचं सोडलं मी. माझ्यासारख्याने वाचू नये म्हणून सोडलं! आणि तू माझ्यासमोर बसून जेवतोस!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात वर गेला नाही.

"तुझी दारू मी सोसली," नाना म्हणाले. "आजार म्हणून सोसली. पण हे शुद्धीत केलंस. केंद्रातून आल्यावर किती दिवस झाले? हे सगळे दिवस तू शुद्धीत होतास!"

"हो," हे म्हणाले. "शुद्धीत होतो. भित्रा होतो."

नाना हाशहुश करत मागे टेकले. चहा थंड होऊन गेला होता. मग नानांनी बशीतली कवळी उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"पैलवान?"

"हो."

"आणि त्याला माझी गेली होती?"

"एक दिवस."

"कसा दिसत होता?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. विनोद करायची परवानगी मागत होते, की खरं सांगायची, कोण जाणे. "डॉक्टर म्हणाले, रडकुंडीला आल्यासारखा. सगळी तालीम विचारत होती, पैलवान, घरी काय झालं?"

नानांच्या बोळक्या तोंडातून एक आवाज आला. खोकला असेल. मी ओठ घट्ट दाबून धरले. मौनात हसलं तर नेम मोडतो की नाही, ह्याचा मी आजवर कधी विचार केला नव्हता. पण नानांनी लगेच हात वर केला.

"हसतोय म्हणून माफ केलं समजू नकोस. तोंड माझं आहे आता. मी हसेन नाहीतर शिव्या देईन."

"हो."

"माप घे."

हे धावत जाऊन सामान घेऊन आले. पाण्यात पावडर कालवून तो चिकट गोळा केला, ट्रेमध्ये भरून नानांच्या तोंडात दाबून धरला. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं, बोलायचं तर नसतंच. नानांचं तोंड भरलेलं, माझं मौन, दिवा सुरूच. बोलू शकणारा घरात एकच माणूस उरला होता. आणि तो बोलला. कुणी विचारलं नव्हतं तरी. कुठे कुठे खोटं बोलला, कुणाकुणाला काय कारणं सांगितली, भावांना, डॉक्टरांना, मला. सभेत ती गंमत कशी रंगवली आणि रंगारी मांडीवर थापा मारत कसा हसला, तेही. काही गोष्टी मला माहीत होत्या, काही नव्हत्या. त्यांतल्या दोन ऐकून मला पुन्हा गुडघे धरावेसे वाटले. हात मात्र त्यांचा हलला नाही, नानांच्या जबड्याखाली स्थिर होता.

ट्रे बाहेर आला तसे नाना तोंड पुसत म्हणाले, "नवी होईल तेव्हा होईल. आज शिंपिणीच्या घरी जायचंय. तूही चल."

"तिथे काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच. तिच्या भावापुढे."

दुपारी आम्ही तिघं गेलो. नानांनी कवळी लावली नव्हती. खिशात कागदात गुंडाळून घेतली होती. शिंपीकाकूंनी दार उघडलं, आणि नानांना बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. साहजिक होतं. आपल्या नवऱ्याच्या मयताला हसलेला म्हातारा त्यांच्या दारात उभा होता.

ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. ह्या वेळी गंमत शब्द काढला नाही. पैलवानाचा जबडा आधी यायचा, तेही नाही. भाऊ आतून आला, त्याच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नानांनी खिशातून पुडी काढली, कवळी लावून दाखवली, आणि पुन्हा काढली.

काकू एकदम उसळल्या. पण नानांवर नाही. "अहो, मी वर्षभर ह्या आजोबांना शिव्या दिल्या! देवापुढे बसून दिल्या! माझ्या नवऱ्याचं वाचन अर्धं राहिलं. बाईमाणसाच्या दुःखाशी कसला खेळ हा? प्यायलात ते प्यायलात, नंतर तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं," हे म्हणाले. "बंद ठेवलं."

"तुम्ही बाहेर बसा," काकू म्हणाल्या. "आजोबा, तुम्ही या आत. तुम्ही वाचा. राहिलेलं."

"दात नाहीत, बाई," नाना म्हणाले. "काही कळायचं नाही."

"मला कळायला नकोच आहे. वाचा."

नाना वाचायला बसले. काकू, त्यांचा भाऊ आणि मी. बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत बाहेर येत होते, 'स'चा पत्ता नव्हता, पण सूर तोच होता. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. भाऊ मान खाली घालून बसला होता. मध्येच उठला आणि नानांच्या पाया पडला, नाना वाचायचे थांबले नाहीत. दार उघडंच होतं. बाहेर पायरीवर आमचे हे पाठमोरे बसलेले दिसत होते. तासभर तसेच बसले होते. एकदाही मागे वळले नाहीत.

परतताना नाना दोन पावलं पुढे चालत होते. ह्यांनी हळूच विचारलं, "आज संध्याकाळी सभेत हे सांगू का?"

राग गेला नव्हता. तो इतक्यात जाण्यासारखा नव्हताही, आणि मी तो घालवायची घाईही करणार नव्हते.

"सांगा," मी म्हणाले. "पायरीवर बसवलं ते सुद्धा सांगा. ते सोडून सांगायचं नाही. मी पुढच्या खुर्चीत बसणार आहे."

"आणि प्रार्थना?"

"आधी करीन."

नाना पुढून वळले. त्यांना ऐकू जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. "मीही येणार," ते म्हणाले. "आणि हसायचं कुठे ते मी ठरवणार. त्या रंगाऱ्याला सांगून ठेव."